एवढी शिवण झाली की आलो

टेलरमास्तरांचा एक नियम होता आणि त्या नियमापुढे घरात कोणाचं काही चालत नसे. शिवण सुरू केली की टोकाला पोचल्याशिवाय उठायचं नाही. गल्लीतले बाकीचे टेलर सुई कापडात रोवून चहाला जात, जगाची उठाठेव करून येत आणि तिथूनच पुढे पायडल मारू लागत. मास्तरांना ते बघवत नसे.

"मध्येच उठलं की टाका सैल पडतो. पुन्हा बसलं की सांधा दिसतो."

"कोणाला दिसतो?" समोरच्या दुकानातला न्हावी विचारायचा.

"मला दिसतो ना!"

त्यावर न्हावी कात्री खाली ठेवून हात जोडायचा. त्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या मिशीनिशी हसायचं.

दुकान पुढच्या खोलीत, संसार मागच्या खोलीत आणि मधे एक पडदा. पडद्यामागून बायकोची हाक यायची, "अहो, जरा येता का?" पडद्यापुढून उत्तर जायचं, "एवढी शिवण झाली की आलो." या एका वाक्यावर मास्तरांनी अख्खा संसार केला. दूध उतू गेलं, मेव्हणा दारात ताटकळून रुसून परत गेला, एकदा तर छपरातून गळणाऱ्या पाण्याखालची बादली भरून वाहिली. मास्तरांची शिवण मात्र सरळ.

बायको काज-बटणाचं काम करायची आणि सोबत जिभेचंही. "उद्या यमदूत आला तरी आमचे मास्तर म्हणतील, बसा जरा, बाही लावून आलो." हे ती गिऱ्हाइकांसमोर म्हणायची आणि सगळ्यांत मोठ्याने मास्तरच हसायचे.

त्यांना एक लेक. कापड बेतायच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात तिचा अभ्यास चालायचा. तिथेही तोच कायदा. आधी टेबल पुसून मोकळं करायचं, मग बसायचं, आणि हातात घेतलेलं गणित सुटेपर्यंत ना तहान, ना भूक, ना खिडकीबाहेर ओरडणाऱ्या मैत्रिणी. एकदा तिने मैत्रिणीचं उत्तर बघून जसंच्या तसं उतरवलं. मास्तरांना गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लेकीचा चेहरा वाचता येत होता. रागावले नाहीत. गिऱ्हाइकाला पसंत पडलेली, पण त्यांच्या मते जराशी तिरपी असलेली एक कॉलर त्यांनी उचलली आणि तिच्या देखत टराटरा उसवली.

"उसवायची लाज वाटायची नाही पोरी. तिरपं घालून मिरवायची वाटायला हवी."

लेकीने नाक ओढत उत्तर खोडलं. जेवायला हाक आली तेव्हा पडद्याकडे न बघताच म्हणाली, "एवढं गणित झालं की आले."

आईने कपाळावर हात मारला. "झालं! एक मास्तर कमी होते म्हणून आता धाकटे मास्तर!"

तेव्हापासून ती धाकटे मास्तर झाली. धाकटे मास्तर वर्गात पुढे गेले, कॉलेजात गेले, दूरच्या शहरात पुलांचे आराखडे तपासायच्या नोकरीला लागले. साहेब म्हणे सगळ्यांना सांगत, हिच्या हातून गेलेला कागद पुन्हा बघावा लागत नाही. मास्तरांनी हे न्हाव्याला इतक्या वेळा सांगितलं की पुढे पुढे न्हावीच गिऱ्हाइकांना पाठ म्हणून दाखवायचा.

मग बायकोच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. पडून राहणं तिला जमेना, म्हणून ती उशाशी बटणांचा डबा घेऊन पडून राहायची. लेकीला फोन गेला. ती म्हणाली, "बाबा, हातातलं काम अगदी शेवटाला आलंय. ते संपवते आणि लगेच निघते." मास्तर म्हणाले, "संपवूनच ये." आणि फोन ठेवून बायकोकडे अभिमानाने बघितलं.

बायको म्हणाली, "बघता काय? तुमचीच लेक ती." मग म्हणाली, "ती येईल तेव्हा तिला एक कोट असू द्या. तिकडे थंडी फार असते म्हणे."

मास्तरांनी ठेवणीतलं कापड काढलं. अंगाला हात न लावता, नुसत्या आठवणीने माप घेतलं. दुपारी बाही जोडत होते. कोटाची बाही म्हणजे नाजूक काम, गोलाईत कापड जरा जरा दाबून बसवावं लागतं. तेवढ्यात पडद्यामागून हाक आली.

"अहो, जरा येता का?"

रोजचीच हाक. रोजच्यापेक्षा थोडी हळू होती, हे त्यांना नंतर कळलं.

"एवढी बाही झाली की आलो."

बाही झाली. त्यांनी दोरा तोडला, मशीनवरचे धागे झटकले आणि पडदा सारून म्हणाले, "हं, काय म्हणत होतीस?"

ती पडद्याकडे तोंड करून पडली होती. चष्मा डोळ्यांवर तसाच होता. डब्यातली बटणं जमिनीवर सांडली होती आणि त्यातलं एक अजून गरगरत असेल अशा वेड्या आशेने मास्तरांनी खाली बघितलं. सगळी बटणं स्थिर होती.

लेक काम संपवून आली. तिलाही उशीर झाला होता.

सगळी माणसं पांगल्यावर तिने विचारलं, "शेवटी काही म्हणाली का?"

"जरा या म्हणाली."

"मग?"

"मग मी तुझी बाही पुरी केली."

लेकीने उठून कोट घातला. बाही अशी बसली होती की जणू अंगाबरोबर वाढली असावी. मास्तरांनी तेवढ्यापुरती मान फिरवून घेतली.

ती परत गेली. मास्तर फोन करायचे तेव्हा दबक्या आवाजात उत्तर यायचं, "बाबा, काम चालू आहे. एवढं झालं की करते." फोन बंद व्हायचा. मास्तर तो कानाला लावून तसेच बसायचे. आवाज लेकीचा होता, वाक्य पाठ होतं.

पुढच्या दिवसांत गल्लीत नवलच घडलं. मास्तर शिवण अर्धी टाकून उठू लागले. त्यांनी फोन मागच्या खोलीत, बायकोच्या उशाशी असलेल्या फळीवर ठेवला होता. तो वाजला की पायडलवरचा पाय जागच्या जागी थांबायचा आणि मास्तर पडद्याकडे धावायचे. बहुतेक वेळा कोणीतरी विजार झाली का, असं विचारत असायचं.

न्हावी आपली विजार घेऊन आला. "मास्तर, हा काय सांधा मांडीवर? तुमच्या हातचा?"

"फोन वाजला."

"मग फोन मशीनवर ठेवा की! हात लांब केला की झालं."

"नको," मास्तर म्हणाले, "उठून जायला हवं."

न्हाव्याला चेष्टा सुचली होती, पण ती त्याने गिळली. विजार तशीच नेली.

थंडी सरल्यावर लेक आली. मास्तरांनी तिच्यासाठी एक लांब झगा शिवून ठेवला होता. रोज एखादी शिवण, रमतगमत, कित्येक आठवड्यांत मिळून. रोज दुकान बंद करताना ते तोच घेऊन बसायचे, कारण लेकीचं काम साधारण त्याच सुमाराला सुटायचं. तिने तो उलटा करून बघितला. बापाची शिवण आधी आतून बघायची, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. कमरेपाशी तिचं बोट अडलं.

"बाबा, इथे सांधा आलाय."

"तिथे तुझा फोन आला होता."

तिने दुसरी बाजू बघितली. बाह्या बघितल्या. घेर हातात धरून टोकापासून टोकापर्यंत बोट फिरवलं. बाकी सगळी शिवण सरळ होती, कुठेही अडत नव्हती.

"एकच आहे," ती म्हणाली.

"एकदाच केलास."

तक्रार नव्हती त्यात. माप सांगावं तसं सांगितलं त्यांनी. लेक झगा मांडीवर घेऊन कापड बेतायच्या टेबलाच्या त्याच कोपऱ्यात बसली. मास्तरांनी तिला रडू दिलं. उसवताना माणसाला घाई करू नये, एवढं त्यांना कळत होतं.

ती गेल्यानंतर एका भर दुपारी फोन वाजला. मास्तर न्हाव्याच्या सदऱ्याला कॉलर लावत होते. कॉलर तशीच सुईखाली टाकून ते आत गेले.

"बाबा."

"अगं, तू? आता? काम संपलं?"

"नाही, चालू आहे. सगळे आत बसलेत. मध्येच उठून आले."

मास्तर खाटेच्या कडेवर बसले. फोनवर हात ठेवून त्यांनी सवयीने मान वळवली आणि म्हणाले, "अगं ऐकलंस का, धाकट्या मास्तरांचा फोन आहे."

उशी रिकामी होती. फळीवर बटणांचा डबा होता, त्याचं झाकण घट्ट लावलेलं.

"बाबा? कोणाशी बोलताय?"

"कोणाशी नाही. बोल तू. सावकाश बोल."