वसंताचा हुकूम

मी आर्मीत नर्सिंग असिस्टंट होतो. हवालदार म्हणून रिटायर झालो आणि राळेगावला परतलो. इथे कुणाला शिंक आली तरी आधी माझं दार वाजतं. मी डॉक्टर नाही हे सांगून जीभ झिजली, पण ऐकतो कोण!

लान्स नायक वसंता माझा बडी. पेट्रोलिंगमध्ये शहीद झाला. त्याची बायको सुनंदावहिनी आणि आई माझ्याच गल्लीत राहतात. गेल्या हिवाळ्यात वहिनींनी घशासाठी दवाखान्यातून अँटिबायोटिक आणलं. दोनच दिवसांत ताप चढला. अंग लालभडक झालं, मानेवर आणि काखेत पुवाने भरलेल्या बारीक पुळ्या उठल्या.

मी गेलो तेव्हा उशाशी कडुलिंबाचा पाला होता.

"माता आली रे सुधाकर," वसंताची आई म्हणाली. "मातेत औषध चालत नाई. म्या बंद केलं."

कांजिण्या मी बराकीत ढिगाने पाहिल्या आहेत. त्या टप्प्याटप्प्याने येतात. हे सगळं एकदम उठलं होतं.

"वहिनी, गोळ्या खरंच बंद आहेत?"

त्यांनी सासूकडे पाहिलं आणि उशीखालून पाकीट काढलं. "चोरून खाऊन राह्यली, भाऊजी." त्यांनी भिंतीवरच्या वसंताच्या फोटोकडे बोट केलं. "त्यायनं सांगतलं होतं, कोर्स अर्धा सोडायचा नाई."

मी घाबरलो. यवतमाळच्या ओळखीच्या स्किनच्या डॉक्टर मॅडमना फोटो पाठवून फोन लावला.

"औषधाची रिॲक्शन वाटते. गोळी आत्ता थांबवा. पेशंटला लगेच आणा, पाकीट सोबत."

"येस मॅडम. निघालो."

वहिनी पाकीट सोडेनात. "त्यायचा हुकूम मोडू कसा?"

"वसंता लान्स नायक, मी हवालदार. माझा हुकूम वरचा. द्या इकडे!"

दिलं.

मॅडमनी ॲडमिट केलं, रक्त तपासलं. ती गोळी बंद, हाच मुख्य इलाज म्हणाल्या. काही दिवसांत ताप उतरला. पुळ्या सुकल्या आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी सुटून खाली नवी दिसू लागली. हे औषध पुन्हा कधीच घ्यायचं नाही, मॅडमनी बजावलं.

"म्या तं आधीच बंद केलतं," वसंताची आई म्हणाली.

घरी आल्यावर वहिनी वसंताच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. "तुमचं पह्यल्यांदा ऐकलं नाई. रागावू नका."

मला राहवेना. "वहिनी, या पठ्ठ्यानं स्वतः एकही कोर्स पूर्ण केला नाही. मी पाठ फिरवली की गोळ्या बंकरमागं फेकायचा."

वहिनी हसल्या. वसंता गेल्यापासून इतकं मोठ्यानं पहिल्यांदाच. आणि मला तो इतका आठवला, की मी पाणी मागून घेतलं.