नरामतानीने दाखवलेलं बोट

नरामतानी सुईण होती. लार्सा शहराच्या खालच्या अंगाला कालव्याकाठी वसलेल्या त्या गावात तिशीच्या आतलं असं माणूस सापडणं कठीण, की ज्याला पहिली आंघोळ तिच्या हातची घडली नव्हती. रस्त्याने चालली की कुणी ना कुणी हाक मारायचंच, "मावशी, जरा टेक की!" मग ती टेकायची, घोटभर जवाची बिअर घ्यायची, पोराबाळांची चौकशी करायची. फक्त पुझूरुमच्या दारावरून जाताना तिचे पाय भराभर पडायचे. लोकांना वाटे, म्हातारीला उन्हाचा त्रास होतो.

पुझूरुम हा सूर्यदेव शमशच्या देवळाचा द्वारपाल. वर्षातले चार महिने महाद्वाराची राखण त्याच्या घराण्याकडे. मान मोठा, नैवेद्याच्या मांसातला वाटा वेगळा, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे देवाच्या चाकरीतल्या माणसाला राजाच्या बिगारीतून सूट. कालव्याचा गाळ उपसायला, तटाच्या विटा वाहायला, लढाईला, दर घरातून एक गडी जायचा. थोरला देवाचा, धाकटा राजाचा. गावात हे कुणाला समजवावं लागत नसे.

त्याची बायको लमासी बाळंत झाली ती भर दुपारी, दीड दिवस कळा देऊन. बाळंतपणाच्या विटांवर बसून बसून तिच्या मांड्या थरथरत होत्या. पहिला मुलगा आला. त्याची नाळ कापून नरामतानीने त्याच्या पायाला तांबड्या लोकरीचा दोरा बांधला, कारण पोट अजून तसंच होतं आणि आत दुसरं आहे हे हाताला कळत होतं. दुसराही मुलगाच निघाला. तोवर लमासी पांढरी पडली होती आणि रक्त काही थांबेना. नरामतानीने दोन्ही पोरं एकाच टोपलीत ठेवली आणि आईकडे वळली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. चिंध्या संपल्या, मंत्र संपले, शेवटी मुठीने पोट दाबून धरलं तेव्हा कुठे रक्त आवरलं.

पोरांकडे वळली तेव्हा दोरा दोघांच्या मधे टोपलीत पडलेला. दोन्ही चेहरे एका साच्यातल्या विटांसारखे. तिने वजन हातात तोलून पाहिलं, कान पाहिले, पुन्हा पुन्हा पाहिलं.

दाराबाहेरून पुझूरुमने विचारलं, "जिवंत आहे का ती?"

"आहे. आणि दोन मुलगे आहेत."

तो आत आला, रडला, हसला. "थोरला कोणता गं?"

एवढंच म्हणायचं होतं, की दादा, कळत नाही. तिच्या जिभेवर आलंही होतं. पण पन्नास बाळंतपणं केलेल्या सुईणीने असं म्हणायचं? तिचं बोट उठलं. "हा."

तो झाला तारिबूम. दुसरा नूरअलिशू.

सुरुवातीला तिने मनाची समजूत घातली. अर्धी शक्यता तर बरोबरच होती. आणि आई जगली, हे कुणाच्या लेखी काहीच नव्हतं का? पण पोरं वाढली तसतसं तिला उमगत गेलं, की त्या एका बोटाने किती काय वाटून टाकलं होतं. तारिबूमला पाटीशाळेत घातलं, नूरअलिशूच्या हातात कुदळ आली. जेवताना पहिली भाकर थोरल्याला. सोळाव्या वर्षी राजाचे लोक आले, तेव्हा नूरअलिशू गेला. तो तीन वर्षं उत्तरेकडच्या कालव्यावर होता. तिथे बांध ढासळला आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली चिरडला.

तो लंगडत परत आला त्या दिवशी नरामतानी धक्क्यावर भाजी घेत होती. नावेतून उतरताना त्याने तिला ओळखलं आणि हसून म्हणाला, "मावशी, तू घडवलेला पाय त्यांनी मोडला बघ!"

तिच्या हातातले कांदे खाली पडले. त्यानेच वाकून गोळा करून दिले.

त्यानंतर ती दुखणी बरी करणाऱ्या गुलादेवीच्या देवळात दर महिन्याला मातीचा पाय वाहू लागली. मुलगी बेलतानी, तीही सुईणच, एकदा म्हणाली, "आई, तुझे पाय तर धडधाकट आहेत. कुणाचा नवस फेडतेस?" नरामतानीने विषय टाळला. नूरअलिशूच्या बायकोला ती अधूनमधून खजूर पाठवी, तेल पाठवी. ते आनंदाने खाल्लं गेलं की तिला आणखीच वाईट वाटे.

मुलगे बावीस वर्षांचे झाले आणि पुझूरुम वारला. लमासी त्याच्या आधीच गेली होती. महिन्याभरात नूरअलिशूने गावसभेत फिर्याद मांडली: जुळ्यांत थोरला-धाकटा कोणी ठरवला? राजाचं बोलावणं पुन्हा आलंय, मी एका पायावर किती वेळा जाऊ? सभेने ठरवलं, सुईण जिवंत आहे, तिला विचारा. शपथेसाठी शमशची करवत देवळातून बाहेर आणा, तिच्यावर हात ठेवून तिने सांगावं.

शपथेच्या आदल्या दिवशी सकाळी तारिबूम नरामतानीच्या घरी आला. तो माणूस वाईट नव्हता. उंबऱ्यातच बसला, बोटं मोडत राहिला.

"मावशी, जे बाबांना सांगितलंस तेच उद्या सांग. मी काही वेगळं मागत नाही."

"आणि नूर?"

"त्याला मी उपाशी ठेवणार नाही. पण मला दुसरं काही येत नाही गं. कुदळ धरलेली नाही मी कधी." मग हळूच म्हणाला, "मीच थोरला आहे ना?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत हा प्रश्न त्याने पहिल्यांदाच विचारला होता, आणि तो घाबरलेला होता.

"जा बाळा, घरी जा," एवढंच ती म्हणाली.

बेलतानी पाट्यावर जव दळत सगळं ऐकत होती. तो गेल्यावर तिने हात थांबवला. "आई, तुझा चेहरा असा का झाला?"

तेव्हा नरामतानीने तिला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

बेलतानी म्हणाली, "उद्या हे बोललीस तर गावातली कुठली बाई मला घरात घेईल? म्हणतील, हिच्या आईला पोरं ओळखता येत नव्हती."

"करवतीवर हात ठेवून खोटं बोलू?"

"खोटं कशाने? अर्धं खरं असेलही. तूच म्हणतेस ना!"

"माझ्याच तोंडचं मला ऐकवू नकोस." नरामतानी पाट्याशेजारीच बसली. "बेलतानी, खोटी शपथ घेणाऱ्याचं पोट पाण्याने फुगतं म्हणतात. मला त्याची भीती नाही. पण उद्या 'हा' म्हटलं, तर नूर लंगडत जाईल आणि माझ्यावर विश्वास ठेवून जाईल. ते नाही सोसायचं मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी महाद्वारासमोर अख्खं गाव जमलं. पुजाऱ्याने कांशाची करवत पांढऱ्या कापडावर ठेवली. दातांवर ऊन चमकत होतं. गावप्रमुख कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "बोल बाई, आटोप. दोघांत आधी कोण आला?"

नरामतानीने हात ठेवला. धातू तापलेला होता.

"मला माहीत नाही."

"काय? मोठ्याने बोल."

"मला माहीत नाही, दादा. तेव्हाही नव्हतं. दोरा सुटला होता. मी बोट दाखवलं ते असंच दाखवलं."

एकच गलका उठला. मागून कुणीतरी ओरडलं, "अगं मग माझा बाप तरी माझाच आहे का ते सांग!" हशा पिकला. एक म्हातारा काठी आपटत म्हणाला, "बावीस वर्षं तोंडात माती भरली होती का?"

"होय," ती म्हणाली. "आईचं रक्त थांबवत होते, त्यात दोरा सुटला. त्याची लाज नाही मला. पण माहीत नाही म्हणायला एक शब्द लागला असता, आणि मला माझं नाव मोठं वाटलं."

सभा दुपारपर्यंत चालली. शेवटी ठरलं, की देवालाच माहीत असलेली गोष्ट माणसांनी ठरवू नये. राखणीचे चार महिने दोघांत निम्मे निम्मे. यंदाच्या बिगारीला तारिबूमने जावं, पुढे आळीपाळीने. आणि नरामतानीची साक्ष यापुढे कुठल्याही जन्माला धरली जाणार नाही.

माणसं पांगली. नूरअलिशू काठी टेकत तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तिला वाटलं, आता हा थुंकेल. तसं काही झालं नाही.

"मी धाकटा आहे म्हणून गेलो," तो म्हणाला. "तिथे चिखलात पडलो होतो तेव्हा मनाशी म्हणत होतो, देवाने हेच लिहिलंय, चालायचंच. मावशी, ते देवाने लिहिलं नव्हतं. तू लिहिलं होतंस."

"होय रे."

"खजूर पाठवायचीस."

"होय."

"यापुढे पाठवू नकोस."

तारिबूम त्या पावसाळ्याआधी कालव्यावर गेला. पहिल्याच आठवड्यात त्याच्या तळहाताची सालटी निघाल्याची बातमी आली, आणि नरामतानीला कळलं, की मनावरचं ओझं उतरलं नाही, उलट दुप्पट झालं. आता दोघांचं दुःख तिच्या नावावर होतं. तरी रस्त्याने चालताना तिची मान ताठ राही आणि पुझूरुमच्या दारावरून ती सावकाश जायला लागली. लोक हाक मारीनासे झाले होते. बेलतानीला वर्षभर कुणी बोलावलं नाही. मग एका घरी बाई अडली आणि शेजारच्या गावाहून सुईण यायला वेळ नव्हता, तेव्हापासून पुन्हा बोलावणी सुरू झाली. आई मात्र घरी राहून चिंध्या उकळायची.

दोन वर्षांनी नूरअलिशू स्वतः दारात आला. बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. बेलतानीने टोपली उचलली. नरामतानीही नकळत उठून उभी राहिली.

"तू नको," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

ती खाली बसली. दिवसभर तिने काही खाल्लं नाही, जव निवडत राहिली. उन्हं कलली तेव्हा बेलतानी परत आली, हात कोपरापर्यंत धुतलेले, पदरात बांधलेली ताजी भाकर.

"सुटली," ती म्हणाली. "सोपं गेलं."

"किती?" नरामतानीने विचारलं.

"एकच. मुलगी."

नरामतानीने डोळे मिटले आणि दोन्ही तळवे जमिनीवर टेकले. बेलतानीने भाकरीचा तुकडा मोडून तिच्यासमोर ठेवला. तो तिने बऱ्याच वेळाने उचलला.