पडद्याच्या मागून पाहिलेला नायगरा

हातात काम नसले की मला बसवत नाही. त्या आठवड्यात काम असूनही बसवत नव्हते. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातली एक शिक्षिका सुटीत ठाण्याला आली होती. ती सोमवारच्या गाडीने परत निघणार होती, आणि तिच्या सोबतीने माझ्या भाचीला पाठवायचे की नाही, हे तिचा बाप, म्हणजे माझा भाऊ, काही केल्या ठरवत नव्हता. ही सोबत चुकली की वर्ष गेले. एक वर्ष गेले की पुढची जातातच, हे मी स्वतःवरून सांगते.

भाची सतरा वर्षांची. आई लहानपणीच गेली, लग्न झाले, वर्षाच्या आत नवराही गेला आणि ती परत आमच्याकडे आली. मीही त्या घरात तशीच परत आलेली. स्वयंपाक, शिवण, लोणची-पापड सगळे माझ्याकडे होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण त्यासाठी आणखी एक बाई तयार करावी इतके काम त्या घरात नव्हते. मुलगी शिकण्यात हुशार. मास्तरीण झाली तर स्वतःचे पोट भरील, एवढाच माझा विचार. भाऊ कचेरीत कारकून होता. माणूस वाईट नव्हता. लोक काय म्हणतील याची त्याला धास्ती, आणि तशी धास्ती वाटते हे कबूल करायची लाज. म्हणून विचारले की म्हणायचा, "बघू."

त्या शनिवारी मुंबईहून एक गृहस्थ मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरची चित्रे पडद्यावर पाडणारा दिवा, घेऊन आले. टेंभीनाक्याजवळच्या शाळेत दिवेलागणीनंतर सृष्टीतले मोठे चमत्कार दाखवणार होते. व्यवस्था पाहणाऱ्यांत भाऊ होता, म्हणून पडदा शिवायचे काम आपोआप माझ्याकडे आले. घरातल्या मांजरपाटाचे तीन पट्टे जोडले. एका कडेला उंदराने कुरतडले होते, तिथे तळहाताएवढे ठिगळ लावले.

बायकांनी पुरुषांत बसायचे नाही, त्यामुळे पडदा खोलीच्या मधोमध टांगला. दिवा, व्याख्याते आणि पुरुषमंडळी एका बाजूला, आम्ही दुसऱ्या बाजूला सतरंजीवर. कापड ओले असले की चित्र आरपार दिसते. ते ओले ठेवायला मी तांब्या घेऊन उभी राहिले. नुसते बसण्यापेक्षा मला ते बरे वाटले. ठिगळापाशी कापड दुहेरी, तिथून उजेड येत नव्हता, म्हणून तिथे मी जरा जास्तच शिंपडत होते.

आइसलंडातला उकळत्या पाण्याचा झरा पाहिला. पाणी माडाच्या उंचीच्या वर उडते, थांबते, पुन्हा उडते. आमच्या वज्रेश्वरीच्या कुंडांतले पाणीही कढत, पण ते जागच्या जागी असते. मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या की तिकडच्या बायकांना चूल पेटवायला नको, फक्त घागर घेऊन धावता आले पाहिजे. आयर्लंडच्या किनाऱ्यावरचे दगडी खांब पाहिले. बहुतेक सहा बाजूंचे, एकाला एक चिकटून उभे. पाथरवटाने घडवल्यासारखे दिसतात, पण घडवले कोणीच नाहीत. पृथ्वीच्या पोटातून आलेला तापलेला रस थिजताना तडकला आणि तसे झाले.

मग नायगरा आला. उंचीने आपला गिरसप्प्याचा धबधबा त्याच्या कितीतरी वर, असे व्याख्याते म्हणाले. पण गिरसप्पा उन्हाळ्यात वाळतो. नायगऱ्याच्या मागे समुद्रासारखी चार सरोवरे आहेत, त्यामुळे तिथे पाणी तुटत नाही. मधल्या बेटाने त्याचे दोन भाग केले आहेत. "हा लहान, सरळ पडणारा. हा मोठा, घोड्याच्या नालासारखा वाकलेला," असे म्हणत ते छडीने दाखवत, आणि छडीची सावली आम्हांला दिसे. मला सर्वांत नवल वाटले ते पुढचे. वरचा खडक कठीण आणि खालचा मऊ. पाणी खालचा खडक पोखरते, मग वरचा मोडून पडतो, आणि धबधबा तेवढा मागे सरकतो. हजारो वर्षे तो असा मागे मागे चालला आहे.

"आत्या, म्हणजे तो एका जागी नाहीच?" भाचीने हळूच विचारले.

मी तिला गप्प बसवले. कापड वाळत होते.

रविवारी सकाळी शेजारचे वकील आले. काल तेही भावाशेजारी बसले होते. पुण्याचा विषय त्यांनीच काढला. भावाने त्यांच्यासमोर शब्द दिला की काल पाहिलेले मुलीने नीट सांगितले, तर तो नाही म्हणणार नाही. मी आतून पाटी आणून दिली आणि दाराशीच उभी राहिले.

तिने सगळे सांगितले. सरोवरे, बेट, मऊ खडक, कठीण खडक, काही सुटले नाही. वकील माना डोलवत होते. मग तिने पाटीवर चित्र काढले, आणि ते थांबले.

"मुली, नाल उजवीकडे आहे."

"नाही काका, डावीकडे."

भाऊ पुढे झाला. त्यानेही पाहिले होते, उजवीकडेच. मग त्याने तिला शेवटच्या चित्रातल्या ज्वालामुखीचा धूर कुठे जात होता ते विचारले, तर तोही तिने उलट्या दिशेला नेला. वकील हसून म्हणाले की तपशील पक्का आहे, पण मास्तरणीला पोरींना नकाशा शिकवावा लागतो. हिच्या हाताखाली ठाण्याच्या पोरी कल्याणला जायला निघतील आणि मुंबईला उतरतील.

"चुकलं म्हण," भाऊ तिला म्हणाला.

"मी पाहिलं तेच काढलंय," ती म्हणाली.

तिथे विषय संपला. वडिलांना उलट बोलली, हे वर आणखी झाले. भावाचा चेहरा मला दिसत होता. तो रागावलेला नव्हता, सुटका झाल्यासारखा होता. नाही म्हणायला त्याला कारण हवे होते, ते मिळाले.

भाची पाटी पुसून आत गेली. मी तिची समजूत घालायला गेले नाही. मला समजूत घालता येत नाही. पडदा धुवायचा राहिला होता, तो धुवायला घेतला, आपटला, पिळला आणि अंगणात दोरीवर टाकला. हात चालत होते, पण डोके थाऱ्यावर नव्हते. ही पोर नसलेले बघणारी नाही. भाऊ आणि वकील दोघेही आंधळे नाहीत.

जेवून भाऊ ओटीवर आला. आता त्याला थट्टा सुचत होती.

"अक्का, पडदा झकास झाला होता हो. पण तुझं ठिगळ बरोबर मोठ्या धबधब्यात आलं. वकील म्हणाले, नायगऱ्याला कुणी ठिगळ लावलं?"

पांढऱ्या पाण्यातला तो काळा डाग मलाही दिसला होता. मोठ्याच धबधब्यात. त्यावरच तर मी तांब्यातले पाणी मारत होते.

"कुठल्या हाताला होतं ठिगळ?" मी विचारले.

"उजव्या. सकाळपासून तेच तर सांगतोय."

माझ्या ते डाव्या हाताला होते. ठिगळ एकच, आणि ते मीच लावलेले.

मी त्याला काही समजावले नाही. खाली ये म्हटले. कापडाची जी बाजू काल दिव्याकडे होती ती त्याच्याकडे करून कापड सारखे केले, आणि भाचीला हाक मारून पलीकडे उभे केले.

"तू ठिगळावर हात ठेव," मी भावाला म्हटले. त्याने उजवा हात उचलून ठेवला. "आता तू ठेव गं, आहेस तिथूनच."

तिने डावा हात उचलला. कापडातून दोघांचे तळवे एकमेकांना लागले. भावाने हात झटकन मागे घेतला, जरा थांबला, आणि परत ठेवून पाहिला.

"मग उलटं दिसतंय हे तुमच्यातल्या एकीच्याही लक्षात कसं आलं नाही?" तो म्हणाला. हरला की तो असेच विचारतो.

"अण्णा, आम्ही पलीकडे बसलोय हे तुमच्या तरी कुठे लक्षात होतं?" ती पलीकडूनच म्हणाली. आवाज चढवला नाही.

त्याने ठिगळाची शिवण बोटाने चाचपली. मला वाटले, आता दुसरे काही कारण काढील.

"वकिलांना काय सांगू?"

"काल जे झालं ते सांग. शब्द तू त्यांच्यासमोर दिलायस."

तो ओटीवर गेला, पायातली वहाण सारखी केली आणि आमच्याकडे पाठ करूनच म्हणाला, "उद्या गाडी कितीची आहे?"

कापड अजून दमट होते. तसेच ओढून काढले आणि तिच्या वळकटीला खोळ शिवायला बसले. घाईत ठिगळाची बाजू वर आली. उसवून उलटी करायला वेळ नव्हता.