एस्तेरमावशींची एक ओळ

मंगळवारी दुपारी पनवेलच्या आमच्या ब्लड बँकेत मी घामाघूम होऊन बसले होते... अपडेटनंतर सर्व्हर सुरूच होईना.

माझी नोकरी सर्व्हर सांभाळण्याचीच. इथून जवळच विचुंब्याला राहते, म्हणून माझ्या सुट्टीच्या दिवशी, मंगळवारी, इथलंही हौसेने बघते. गेल्या वर्षी इथली जुनी सिस्टिम काढून मीच नवी बसवली. रक्तदात्यांची यादी, मेसेज, रिपोर्ट, सगळं एकाच मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये.

जुनी सिस्टिम एस्तेरमावशींची. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या, सत्तरीच्या. त्यांचे प्रोग्रॅम इवलेसे... एक फक्त शोधणार, एक फक्त गाळणार, एक फक्त क्रम लावणार. प्रत्येकाने आपलं काम करून साध्या अक्षरांतल्या ओळी पुढच्याकडे द्यायच्या.

आमचा वाद ठरलेला. मी म्हणायचे, "मावशी, आता एवढं सुटं सुटं कोण करतं?" त्या म्हणायच्या, "नका करू गं. पण बिघडलं तर माणसाला आत डोकावता आलं पाहिजे."

...आणि त्या मंगळवारी, नेमका सर्व्हर बंद असतानाच, हॉस्पिटलमधून फोन आला. एका गरोदर बाईचं सिझेरियन अडलं होतं, हिमोग्लोबिन खूप उतरलेलं. ब्लड ग्रुप बॉम्बे. हजारोंत एखाद्याचा असतो तो. तिला कुठलंच दुसरं रक्त चालत नाही... आणि तसे दाते कोण, हे फक्त त्या बंद मशीनला माहीत.

मी सर्व्हरची डिस्क काढून लॅपटॉपला जोडली. यादी होती, पण माझ्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या भाषेत. ते चालू झाल्याशिवाय एक नाव वाचता येईना. मावशींना फोन लावला.

त्या शांतपणे म्हणाल्या, "माझा एक छोटा प्रोग्रॅम काढलास का तू? गेल्या वर्षी तुझ्या सॉफ्टवेअरला जोडून दिलेला, रोज यादी साध्या फाइलमध्ये उतरवणारा?"

काढला नव्हता. खरं सांगते, निव्वळ आळसाने.

फाइल सापडली. कालचीच! मावशींनी फोनवरून एक ओळ सांगितली, मी टाइप केली. बॉम्बे ग्रुपवाले शोध, अलीकडे रक्त दिलेले गाळ, जवळ राहणारे आधी लाव. एंटर दाबलं आणि पापणी लवायच्या आत तीन नावं समोर!

पहिलं नाव उलव्याजवळच्या गावातल्या म्हात्रेकाकांचं. फोनवर मी सगळं सांगायच्या आत म्हणाले, "मी हाय ना. निघालोच." अर्ध्या तासात बाही वर करून हजर.

संध्याकाळी मुलगी झाली. आई सुखरूप.

सर्व्हर नंतर सुरू झाला, आणि नवं सॉफ्टवेअर मी काढलेलं नाही. एरवी मध्येच बंद पडलेली कामं ते आपणहून पुन्हा सुरू करतं, शंभर गोष्टी सांभाळतं. ते वाईट नाही. पण माणसाला वाचता येईल अशी यादी बाहेर ठेवल्याशिवाय यापुढे कुठलीही सिस्टिम मी 'तयार' म्हणणार नाही.

मावशींना विचारलं, हा प्रोग्रॅम लिहिलात कधी? म्हणाल्या, "तू शाळेत असशील तेव्हा. दुपारी भात शिजेपर्यंत झाला होता."

मी आजवर लिहिलेल्या हजारो ओळी आठवल्या... आणि फोनवरच, त्यांना दिसत नसतानाही, हात जोडले.