एकदाच विचारायचं

आमच्या साहेबरावांच्या हातात वाढायची पळी दिसली, की पंगतीतली जाणती माणसं घाईघाईनं ताटावर हात आडवे धरत. त्याचा काही उपयोग नसे. हे सरळ हातावर वरण ओतत. पोळलेला माणूस हात झटकतोय तोवर त्याच्या ताटात बुंदीचा ढीग पडलेला असे आणि हे पुढच्या ताटाशी पोचलेले असत.

नवऱ्याचं नाव घेऊन लिहितेय, हे वाचून आमच्या नणंदबाई कपाळाला हात लावतील. लावू देत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत उभा जन्म पोरांना वळण लावण्यात घालवला, पण घरातल्या या एका माणसाला काही वळण लावता आलं नाही. ते लावलं दुसऱ्याच कुणीतरी. म्हणून तर लिहायला बसले.

साहेबराव मूळचे देवगाव रंगारीचे. घर शेतकऱ्याचं, नोकरी वाळूजच्या कारखान्यात, आणि खरं कसब पंगतीत वाढण्याचं. आमच्याकडं पहिलं ‘नको’ कुणी खरं धरत नाही. पाहुण्यानं नको म्हणायचं, यजमानानं वाढायचं, पाहुण्यानं परत नको म्हणायचं, यजमानानं परत वाढायचं. यात कुणाचं पोट भरलं हा मुद्दाच नसतो. किती वेळा विचारलं, त्यावर घराची इज्जत ठरते. गावाकडच्या लग्नांत यांना महिनाभर आधी सांगावा यायचा.

निवृत्त झाल्यावर हे घरात बसून मला स्वयंपाक शिकवायला लागले. तेव्हा शेजारची तनुजा देवासारखी धावून आली. तनुजा आणि काही पालक मिळून ‘सोबत’ नावाची संस्था चालवतात. ऑटिझम असलेल्या तरुण मुलामुलींचं शिबिर दरवर्षी खुलताबादच्या अलीकडं एका शेतावर भरतं. शाळेचं वय असतं तोवर या मुलांना कुठंतरी जायला असतं. विशी उलटली, की जग त्यांना विसरून जातं. मग चार भिंती आणि आई. वर्षातून तीन रात्री त्यांनी मोकळ्या हवेत, आपल्या बरोबरीच्यांत काढाव्या, एवढाच शिबिराचा खटाटोप. प्रत्येकाबरोबर एक सोबती असतो, पगार कुणालाच नाही.

“काका, स्वयंपाकघराकडं बघाल का?” तनुजानं विचारलं. हे उत्तर देण्याआधी मीच यांची पिशवी भरली.

पहिल्याच दुपारी घोळ झाला. त्या वर्षी शिवम नावाचा तेवीस वर्षांचा उंचापुरा मुलगा आला होता. शहरातल्या छावणी भागात शिवणकाम करणाऱ्या संध्याताईंचा हा एकुलता एक. बोलतो मोजकं, पण बोलतो ते नेमकं. ताटात एका पदार्थाला दुसरा लागलेला त्याला सोसत नाही. भाजी इथं, वरण तिथं, मध्ये रान मोकळं. साहेबराव जिलबीची परात घेऊन पोचले. शिवम म्हणाला, “नको.” ताटावर हात धरला. यांनी लाडानं त्याचं मनगट उचललं आणि दोन जिलब्या टाकल्या. पाक पसरत पसरत वरणात गेला.

शिवम ओरडला नाही. त्यानं ताट उचललं, पंगतीच्या बाहेर नीट नेऊन ठेवलं आणि आले होते त्या जीपमध्ये जाऊन बसला. दार लावून घेतलं. ऊन कलल्यावरही तो उतरेना. शेवटी संध्याताईंना फोन केला, त्या आल्या आणि त्याला घेऊन गेल्या. जाताना कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं यांनी मला नंतर कितीदा तरी सांगितलं.

कारण त्या तीन रात्रींवर बरंच काही अवलंबून होतं. पालकांनी मिळून पडेगावला एक घर घेतलं होतं. सहा जणांनी तिथं एकत्र राहायचं, कामं वाटून घ्यायची, मदतीला माणसं असायची. आईबापांच्या पाठीमागं मुलांचं काय, या प्रश्नाला त्यांनी शोधलेलं उत्तर होतं ते. पण घर सोडून तीन रात्री राहता आलं, त्यालाच तिथं जागा, असं ठरलेलं. संध्याताईंचा एक डोळा अधू झालाय. सुईत दोरा ओवायला त्या शेजारणीकडं जातात. त्यांच्यासाठी ती जागा म्हणजे काय होतं, हे सांगायला नको.

“मी काय वाईट केलं? प्रेमानंच वाढलं ना?” साहेबराव तनुजाला म्हणाले.

“काका, प्रेम होतंच. पण त्यानं एकदा सांगितलं आणि खरं सांगितलं. आपण ऐकलं नाही.”

शिबिर संपलं, आठवडा गेला. मग एका सकाळी यांनी स्वतःला वळण लावायचं ठरवलं, आणि माझ्या हालांना सुरुवात झाली.

“मालन, चहा घेती का?”

मी बायकांच्या रीतीनं म्हटलं, “नको.” आता हे म्हणतील, घे की अर्धा कप. हे म्हणाले, “बरं.” आणि माझ्यासमोर बसून स्वतःचा चहा फुर्रकन ओढला. त्या दिवशी मी खरं बोलायला शिकले.

पुढं नणंदेचे मालक, कारभारी दाजी, देवगावहून आले. दुसऱ्या भाकरीला म्हणाले, “नाय नाय, बास झालं.” यांनी भाकरी परत टोपल्यात ठेवली. दाजींचा हात तसाच हवेत. ठेच्याकडं बघत बिचारे पाणी प्याले. गावी जाऊन सांगितलं, “साहेबरावाचं घर आता पहिल्यासारखं राह्यलं नाय. शहराची हवा लई वाईट.” नणंदबाईंचा मला फोन. मी म्हटलं, “वन्सं, दाजींना सांगा, भूक असली तर व्हय म्हणायचं.” त्यावर तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मी मात्र हसून हसून खाली बसले.

पुढच्या वर्षी आधीची शिबिरप्रमुख नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तनुजानं ती जबाबदारी यांच्या गळ्यात घातली. मी म्हटलं, “अगं, ज्यानं घोळ घातला त्यालाच?” ती म्हणाली, “म्हणूनच. त्यांना कळलंय.” यांनी नवे सोबती आमच्या अंगणात पंगतीला बसवले. निम्म्यांनी नको म्हणायचं, निम्म्यांनी वाढायचं. नियम एकच. एकदाच विचारायचं, उत्तर ऐकायचं, गप पुढं जायचं. बुद्धभूषण नावाचा आयटीआयमधला तरुण सर होता, त्याला काही जमेना. “काका, जीभ आपोआपच वळवळते हो. आमच्या आईनं असंच वाढवलंय.” हे म्हणाले, “माझ्या आईनं काय वेगळं केलं व्हतं? चाव जीभ.” त्या बुद्धभूषणलाच यांनी शिवमचा सोबती नेमलं.

पण आधी शिवम यायला तर हवा. हे छावणीत त्यांच्या घरी गेले. मीही होते. यांनी विचारलं, “शिवम, शिबिराला येणार का?”

“नको.”

“बरं,” म्हणून साहेबराव उठले. संध्याताईंचा चेहरा उतरला. “अहो भाऊ, जरा समजवायचं तरी! तुमी असं लगेच बरं म्हणल्यावर कसं व्हायचं?” यांनी चपला घातल्या. घरी येईपर्यंत रिक्षात माझा हात मात्र घट्ट धरून ठेवला होता. असा हात यांनी आमच्या लग्नातही धरला नव्हता.

पुढच्या रविवारी हे परत गेले. विचारलं काही नाही, नुसते बसले. शिवम आईला रुमालांच्या घड्या घालून देत होता, टोकाला टोक जुळवून. त्याच्या पुढच्या रविवारी जाताना यांनी वाढायची रिकामी परात नेली. शिवमनं ती हातात घेतली, काठावरून बोट फिरवलं, फिरवतच राहिला.

“वाढायला येणार?” यांनी विचारलं.

शिवमनं इतका विचार केला, की संध्याताईंचा चहा उकळून उतू गेला. मग तो म्हणाला, “वाढायला.”

वाटेत मी म्हटलं, “अहो, एकदाच विचारायचं ना? मोठे नियमवाले.” हे म्हणाले, “तो सवाल येगळा व्हता.” लबाड माणूस आहे, पण मला तेव्हा त्यांचं कौतुक वाटलं.

या खेपेला मी स्वयंपाकघरात होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं ते सांगते. शिवमसारखा वाढपी आमच्या गावात झाला नाही. प्रत्येक ताटासमोर थांबायचा, विचारायचा, “पाहिजे का?” पाहिजे म्हटलं, की दुसऱ्या कशाला लागणार नाही असं अलगद वाढायचा. नको म्हटलं, की पुढं. सगळ्या पोरांनी पहिल्या दिवशीच त्याला आपला मानलं. अमृता नावाची एक मुलगी एरवी जेवायला तयारच नसायची, ती तो समोर आला की ताट पुढं करायची. जेवणं झाली, की शिवम बुद्धभूषणबरोबर कडुलिंबाभोवती चकरा मारायचा. बुद्धभूषण दमून बसला, तरी याच्या चालूच.

पहिली रात्र गेली, दुसरी गेली. संध्याताईंचे फोन मात्र माझ्याकडं. “जेवला का? झोपला का? मालनताई, घर खायला उठतंय हो.” मी म्हणायचे, छान आहे तो. त्यांना ते पटत होतं आणि पटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळची पंगत शेवटची, म्हणून जिलबी केलेली. सोबती आणि मुलं एकाच रांगेत बसली. साहेबराव जन्मात पहिल्यांदा वाढायला नव्हे, जेवायला बसले. जिलबी यांचा जीव की प्राण. शिवम परात घेऊन समोर आला.

“पाहिजे का?”

आणि या शहाण्या माणसाच्या तोंडून, पिढ्यान्पिढ्यांच्या सवयीनं, निघालं, “नको नको, राहू दे.”

शिवम पुढं गेला.

यांनी परातीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी पदर तोंडात कोंबला. शिबिरप्रमुख साहेब कोरड्या पुरीचा घास चावत बसले.

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. संध्याताई उतरल्या. त्यांना राहवलं नव्हतं. हातात शिवमची आवडती निळी चादर आणि रिकामी पिशवी. त्या थेट त्याच्यापाशी आल्या.

“चल बाळा. दोन राती झाल्या, लई झालं. घरी चल.”

हसणं थांबलं. एकच रात्र उरली होती. पडेगावच्या घरातली एक खोली त्या रात्रीवर टांगलेली होती, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. संध्याताईंनाही. पण आई आहे, काय करणार?

शिवमनं परात दोन्ही हातांनी धरली होती.

“नको.”

“अरे, आई न्यायला आलीय ना...” संध्याताईंनी त्याचं मनगट धरायला हात पुढं केला. साहेबराव अर्धे उठले होते. या माणसाला मी ओळखते. त्यांच्या जिभेवर तेव्हा दहा वाक्यं असतील, ताईंना समजवायची, शिवमला शाबासकी द्यायची, मध्ये पडायची. त्यांनी ती सगळी गिळली आणि खाली बसले.

संध्याताईंचा हात शिवमच्या मनगटापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. त्या त्याच्याकडं बघत राहिल्या. मग हात मागं घेतला. “बरं,” त्या म्हणाल्या. मला तर समोरचं काही दिसेना, डोळे नुसते वाहत होते.

मी त्यांना माझ्याजवळ बसवलं, ताट मांडलं. शिवम त्यांच्यासमोर येऊन थांबला. “पाहिजे का?”

“पाहिजे,” ताई चटकन म्हणाल्या. त्यानं दोन जिलब्या वाढल्या, भाजीपासून लांब, वरणापासून लांब.

तेवढ्यात पंगतीच्या टोकाकडून आवाज आला. “शिवम, मलाबी दे की रे दोन.”

शिवमनं मान वळवून पाहिलं. “तुम्ही नको म्हणाले.”

अख्खी पंगत खो खो हसली. बुद्धभूषणला ठसका लागला. “व्हय रे बाबा,” साहेबराव कान पकडून म्हणाले, “खोटं बोललो. पाहिजे.” शिवमनं थोडा वेळ विचार केला, मग जाऊन त्यांना एक वाढली. एकच.

अंधार पडायच्या आत जीप परत निघायची होती. संध्याताईंनी चादर बुद्धभूषणच्या हाती दिली. जीपमध्ये चढता चढता त्या साहेबरावांना म्हणाल्या, “भाऊ, मग उद्या सकाळी येऊ ना न्यायला?”

“मला काय इचारता, ताई? त्याला इचारा. पण एकदाच.”

शिवम परात धुऊन, पुसून, पोटाशी धरून उभा होता. संध्याताईंनी पदर सावरला. आपल्या चोवीस वर्षांच्या मुलाला त्यांनी आजवर कधी असं विचारलं नसेल.

“शिवम, उद्या न्यायला येऊ का?”

ड्रायव्हरनं जीप सुरू केली, तनुजानं त्याला हातानं थांबवलं. कुणी त्याच्या वतीनं बोललं नाही, कुणी त्याला आठवण करून दिली नाही. साहेबरावांनी तर जीभ चावून धरली होती.

“ये,” शिवम म्हणाला.