शेवंतीकाकींची बरणी

शेवंतीकाकींच्या घरातून पाहुणा तर सोडाच, अळीसुद्धा उपाशी जात नसे. तिरफळं काढताना पानाच्या गुंडाळीत अळी दिसली, की काकी ते पान डहाळीसकट बरणीत ठेवत आणि तोंडाला जुन्या पातळाचा तुकडा बांधत. "खावंदे बिचारी," म्हणत.

शिरोड्याला मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो आणि उरलेला वेळ पतंगांच्या मागे. काकींच्या तिरफळाच्या झाडावर मला तांदळाच्या दाण्याएवढे पतंग सापडले, काही तपकिरी, काही पांढुरके, कुठल्याच पुस्तकात नसलेले. मी दोन पेट्या केल्या, दोन नव्या जातींवर निबंध लिहिला आणि स्वतःवर बेहद्द खूश झालो. तपकिरी सगळे नर होते आणि पांढुरक्या सगळ्या माद्या. हे खटकलं होतं; पण उरलेले जोडीदार पुढे मिळतील, अशी मी मनाची समजूत घातली. दोन जाती शोधल्याचा मोह काही सुटेना.

निबंध पाठवायच्या दिवशी सकाळीच काकी बरणी घेऊन आल्या.

"ओ सर, पांढऱ्येन बरणीत अंडी घातल्यान. त्याच अंड्यांतसून हे दोनय रंगाचे इले. तुमी घोव-बायलेक दोन पेटयेत घातल्यात!"

"नवरा-बायको कसले? बाहेरून एखादा शिरला असेल," मी चिडून म्हणालो.

"गाठ मी मारलंय. मुंगी शिरूची नाय."

दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही. त्या मात्र तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं न चुकता वर पाठवत राहिल्या. तिसऱ्या दिवशी मी निबंध फाडला आणि एकाच जातीवर नव्याने लिहायला बसलो. हे सांगायला खाली गेलो, तेव्हा काकी भिंतीवरच्या काकांच्या फोटोकडे बघत होत्या. काकांचा जन्म मुंबईच्या नोकरीत गेला. गणपतीला येत तेवढेच. निवृत्तीच्या आधीच ते तिकडे वारले.

"वेगळा रवणा काय ता माका इचारा," त्या म्हणाल्या. "आता तरी येका पेटयेत ठेवा त्यांका."

ठेवले. पेटीवर 'शेवंतीकाकींनी वाढवलेले' अशी चिठ्ठीही लावली.

गेल्या शिमग्यात काकी गेल्या. यंदा तिरफळं मीच काढली. एका गुंडाळीत अळी दिसली, ती त्यांच्याच बरणीत ठेवली, त्यांच्याच पातळाचा तुकडा बांधला. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर आत मुंग्या. मला काकींची गाठ कधी शिकून घ्यायचं सुचलंच नव्हतं.