फालिन आबांची हजेरी

फालिन आबा रोज सकाळी सात वाजता आमची तोंडं हुंगायचे. खोटं सांगत नाही. नगरच्या एका दवाखान्यामागे पत्र्याची शेड होती, तिच्यात आठ खाटा आणि त्या खाटांवर आम्ही आठ माजी सैनिक, सगळे दारूपायी आलेले. आबा "फालिन!", म्हणजे फौजेतलं "फॉल इन", असं ओरडले की आम्ही लुंग्या सावरत रांगेत उभे राहायचो. ते एकेकाच्या तोंडाशी नाक न्यायचे आणि म्हणायचे, "साफ. पुढचा." ज्याच्या तोंडाला वास यायचा त्याला शिवी देत नसत. तो आपणहून कबूल करेपर्यंत नुसते समोर उभे राहत. त्यापेक्षा शिवी परवडली असती.

आबा स्वतः फौजेच्या दवाखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. डॉक्टर सकाळी येऊन औषधं लिहून जात, बाकीचा सगळा दिवस आबांचा. नवा माणूस आला की पहिले चार दिवस त्याचे हाल कुत्रा खात नसे. हात थरथरायचे, भिंतीवर मुंग्या दिसायच्या. त्याच्या खाटेशी आबा आमच्यापैकीच एकाला पहाऱ्यावर बसवत. हुकूम सरहद्दीवरचाच, बदली येईपर्यंत जागा सोडायची नाही. "दुसऱ्याची थरथर बगितली की आपली आठवती," ते म्हणत. "आठवू दे."

मी राजूरकडचा, फौजेत नाईक होतो. एकाहत्तरच्या लढाईत गुडघ्यात छर्रे घेऊन घरी आलो तेव्हा गावानं हार घातला होता. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तेच गाव मला हातभट्टीच्या झोपडीतून उचलून घरी टाकू लागलं. हौसानं, म्हणजे माझ्या बायकोनं, वर्षभर सोसलं. मग एके दिवशी मी पोरीवर हात उगारला आणि ती पोरीला घेऊन संगमनेरला माहेरी निघून गेली. मी शेडमध्ये दाखल झाल्याचं कळल्यावर तिनं भावाकरवी निरोप धाडला, "एकदा येऊन बघंन. तोंडाला वास आला तर पुन्यांदा तोंड दावू नका." आबांनी तो निरोप ऐकला आणि म्हणाले, "मीच जाऊन घिऊन येतो तिला."

आबा तिला आणायला संगमनेरला गेले, तो माझा शेडमधला बाविसावा दिवस होता. दुष्काळाचं साल, म्हणून बाकीचे सहा जण मळ्यातल्या विहिरीत गाळ काढायला उतरले होते. माझ्या गुडघ्यामुळे मला शेडमध्येच ठेवलं आणि किसनजवळ बसवलं. किसन पारनेरकडचा, फौजेत ट्रक चालवायचा. त्याला येऊन दोनच दिवस झाले होते. निघताना आबांनी मलमपट्टीच्या कपाटाची चावी माझ्या हातात दिली. "आत स्पिरिटची बाटली हाय, तुला ठावं हाय. म्हनूनच तुझ्याकडं देतो. मी येईस्तवर ही जागा सोडायची न्हाई. कुनी काय बी म्हनू दे."

दुपारी किसनचं सुरू झालं. आधी विनवण्या, मग आईची शपथ. शेवटी डोळे बारीक करून म्हणाला, "नाईक, चावी तुझ्या खिशात हाय. एक घोट. माझ्यासाठी न्हाई तर तुझ्यासाठी काढ की." मी ऐकू न आल्यासारखं केलं, पण माझा हात खिशावरून हलेना. पत्रा तापला होता आणि फटीतून येणारा स्पिरिटचा वास मला एवढा जवळ वाटत होता की कपाट उघडंच आहे की काय, हे मी दोनदा वळून पाहिलं.

मग किसनचे डोळे फिरले. अंग ताठ झालं, दातखीळ बसली, तोंडातून रक्ताळलेला फेस आला. दवाखाना दुपारचा बंद, डॉक्टरांचं घर मैदानापलीकडे, दोनशे पावलांवर. मी ओरडलो. विहिरीच्या तळाला कुणाला ऐकू जाणार! मी त्याला कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं आणि तसाच बसून राहिलो. झटका थांबला, पुन्हा आला. मी उठलो नाही.

तेवढ्यात दारात आबा आणि त्यांच्यामागे हौसा. आबांनी एकदा पाहिलं आणि त्या वयात धोतर वर करून धावत सुटले. डॉक्टरांनी येऊन इंजेक्शन दिलं तेव्हा किसन शांत झाला. आणखी उशीर झाला असता तर गेला असता, असं ते स्पष्ट बोलले.

"डाक्टरकडं का न्हाई गेलास?" आबांनी विचारलं.

हुकूम होता, असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण हौसा समोर होती. मी म्हणालो, "आबा, उठलो असतो तर पाय डाक्टरकडं गेलं असतं का कपाटाकडं, माझं मलाच ठावं नव्हतं."

हौसा पुढं आली, वाकली आणि माझ्या तोंडाचा वास घेतला. मग पदरानं किसनचं तोंड पुसायला बसली.

दुसऱ्या दिवशी "फालिन!" झालं आणि आबा आमच्यासमोर उभे राहिलेच नाहीत. रांगेच्या टोकाला येऊन माझ्याशेजारी उभे राहिले. "हुकूम माझा चुकला," ते म्हणाले. "आजपास्नं पहाऱ्यावर दोगं. एक बसंल, एक पळंल. आनि त्या कपाटाचं म्हनशील, तर मला सोडून सात वर्सं झाली, तरी माझे पाय बी तिकडंच वळत्यात. माझं तोंड कुनी हुंगत न्हाई, ते बरं न्हवं. नाईक, हुंग." मी हुंगलं आणि म्हणालो, "साफ." ते डोळे वटारून तसेच उभे. मग मला आठवलं. "पुढचा," मी म्हणालो.

हौसा पुढच्या महिन्यात पोरीला घेऊन घरी आली. शेड पुढं बंद पडली. बऱ्याच वर्षांनी कळलं की आबांना लकवा झालाय, तेव्हा किसन आणि मी त्यांच्या गावी गेलो. वाचा गेली होती. मला पाहताच त्यांनी मोठ्या कष्टानं हनुवटी उचलली आणि तोंड उघडलं. सुनेला वाटलं पाणी हवंय, ती तांब्या घेऊन आली. मी तिला थांबवलं, वाकलो, वास घेतला.

"साफ!" मी म्हणालो, त्यांच्यासारखंच मोठ्यानं. आबा माझ्याकडे बघत राहिले, पुढच्या शब्दाची वाट बघत. तो मला म्हणवेना.